पत्र्यावर चढताय? आधी हे वाचा : शेड, गोठा, पोल्ट्रीच्या छपरावरून पडण्याचे अपघात, काळजी आणि भरपाई

सातारा : अक्षय्य तृतीया उलटली की गावोगावी छपरावर माणसं दिसायला लागतात. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे कौलं चाळायची घाई. फलटण, माण, खटाव, कोरेगावकडे गोठा, पोल्ट्री, कांदाचाळ यांच्या पत्र्यांची कामं. त्यात वळवाचा एक तडाखा बसून पत्रे उडाले की विचारूच नका. फॅब्रिकेशनवाला फोन उचलत नाही आणि घरचा माणूस स्वतःच शिडी लावतो.

याच दिवसांत पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत दोन ओळींची नोंद होते : 'अमुक इसम पत्र्यावर काम करताना तोल जाऊन पडला.' आमची बातमीही तेवढीच लागते. पण अशा नोंदींच्या मागे जाऊन घरच्यांना आणि जोडीदार गड्यांना विचारलं, तर बऱ्याच वेळा वेगळंच कळतं. माणूस छपराच्या कडेवरून खाली आलेलाच नसतो. तो छपराच्या मधूनच, पत्रा फुटून खाली गेलेला असतो. तोल गेला असं म्हटलं की दोष पडणाऱ्याचा होतो आणि विषय मिटतो. पत्रा फुटला म्हटलं की प्रश्न येतो, खाली फळी का नव्हती, आणि ती आणायची कोणी होती.

पत्रा माणसाच्या वजनासाठी नसतोच

सिमेंटचा पत्रा ऊन-पाऊस अडवण्यासाठी केलेला असतो. साधारण ६ मिलिमीटर जाडीचा. दहा फुटी एक पत्रा ४० किलोच्या पुढे भरतो, म्हणून हातात घेतला की दणकट वाटतो. पण जड असणं वेगळं आणि वजन पेलणं वेगळं. लोखंड वाकतं, वाकताना आवाज देतं, माणसाला सावरायला क्षणभर तरी मिळतो. सिमेंटचा पत्रा वाकत नाही, एकदम तुटतो. नवा पत्राही बोल्ट जास्त आवळल्याने किंवा उतरवताना आपटल्याने केसाएवढा तडकलेला असू शकतो, आणि वरून रंग किंवा चुना मारला की तो तडा दिसत नाही. दहा-पंधरा पावसाळे खाल्लेल्या, शेवाळ धरलेल्या पत्र्याचं तर सांगायलाच नको.

गावात एक समज पक्का आहे की बोल्टच्या रांगेवरून चाललं की काही होत नाही, कारण खाली अँगल असतो. समज अर्धा खरा आहे. खाली अँगल असतो, पण तो दोन-तीन इंचांचा. हातात बादली किंवा ड्रिल मशीन घेऊन, पन्हळीवर पाय तिरके टाकत तेवढ्याच पट्ट्यावर चालायचं म्हणजे कसरत. एक पाऊल अर्धा फूट इकडेतिकडे झालं की सगळा भार नुसत्या पत्र्यावर. शिवाय ६ मिलिमीटरच्या पत्र्याला दोन अँगलमधलं अंतर जास्तीत जास्त १.४ मीटर, म्हणजे साडेचार फूट ठेवायचं असतं. आपल्याकडे लोखंड वाचवायला ते सहा फुटांवर नेलेलं सर्रास दिसतं. असा पत्रा वाऱ्यानेसुद्धा फुटतो, माणसाचं काय घेऊन बसलात.

सिमेंटहून वाईट फायबरचा पत्रा. उजेडासाठी मध्ये मध्ये बसवलेला असतो. चार-पाच उन्हाळ्यांत तो कडकडीत होतो आणि वर धूळ साचली की आजूबाजूच्या पत्र्यासारखाच दिसतो. खालून बघितलं तर उजेडाने लगेच ओळखू येतो, वरून नाही. म्हणून चढायच्या आधी शेडमध्ये उभं राहून फायबर कुठे कुठे आहे ते मोजून घ्यावं, आणि वर गेल्यावर सगळ्यात आधी त्या जागांवर फळी आडवी टाकून खूण करावी.

पोल्ट्रीवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. मार्च-एप्रिलमध्ये पक्षी उष्णतेने मरू नयेत म्हणून पत्र्यावर चुना मारतात, उसाचं पाचट पसरतात, वर स्प्रिंकलर लावतात. तिन्ही उपाय पक्ष्यांसाठी चांगले. माणसासाठी तिन्ही धोक्याचे. चुन्याने पत्रा गुळगुळीत होतो आणि तडे झाकले जातात, पाचटाखाली फायबर कुठे नि कड कुठे कळत नाही, आणि स्प्रिंकलरच्या पाण्याने शेवाळ धरतं. शिवाय हे काम मजूर लावून कमी आणि घरचा माणूस जास्त करतो, तेही एकटा, दुपारची वेळ साधून, कारण सकाळी दूध आणि खाद्याचं काम असतं. चुना मारायला वर जायची खरं तर गरजच नाही. फवारणीचा पंप आणि लांब नळी असेल तर गाळलेला चुना खाली शिडीच्या टप्प्यावरून किंवा ट्रॉलीत उभं राहून मारता येतो. दोन हात जास्त मारावे लागतील, लागू देत.

लोखंडी आणि रंगीत पत्रा फुटत नाही, पण घसरतो. पहाटेचं दव, पावसाचा शिंतोडा, वरची बारीक धूळ, यांपैकी काहीही पुरतं. दुपारी बारानंतर तो इतका तापतो की हात टेकवत नाही, डोकं गरगरतं. दव वाळल्यापासून साधारण अकरापर्यंत आणि मग चारनंतर, ही वर जायची वेळ. वारा सुटला असेल तर दहा फुटी पत्रा उचलूच नये. दोघांच्या हातातला पत्रा शिडासारखा फुगतो आणि सोडला नाही तर माणसाला घेऊन जातो. वळीव यायच्या आधी दहा मिनिटं जो वारा सुटतो त्यात 'एवढा एकच बसवून खाली येऊ' म्हणणारे सगळ्यात जास्त अडचणीत येतात.

पाटण-जावळीतल्या कौलारू घरांची गोष्ट थोडी निराळी. तिथे कौल फुटतं ते फुटतंच, पण माणूस खाली जातो तो कुजलेल्या रिपेमुळे. जुने जाणते लोक कौलं चाळताना आढ्याला अडकवलेली शिडी पाख्यावर पालथी टाकून तिच्यावर बसून काम करायचे आणि पुढची चार कौलं काढून वासा उघडा केल्याशिवाय सरकायचे नाहीत. ती पद्धत आजही बिनचूक आहे. ती शिडी आता बहुतेक घरांत उरलेली नाही, एवढंच.

किती उंचीवरून पडलं की धोका?

'बारा फूट तर उंची, त्यात काय होतंय' असं म्हणणाऱ्यांसाठी हिशोब. बारा फुटांवरून पडणारा माणूस एका सेकंदाच्या आत जमिनीवर येतो आणि येताना त्याचा वेग ताशी ३० किलोमीटर असतो. म्हणजे गाडीवरून तीसच्या वेगाने थेट भिंतीवर जाण्यासारखं. हात पुढे करायलाही वेळ नसतो. त्यात गोठ्यात खाली काय असतं? दावणीची सिमेंटची कड, कडबाकुट्टी, अर्धवट गाडलेला अँगल, नांगर. म्हणून काम सुरू करण्याआधी छपराखालची जागा मोकळी करणं हे पहिलं काम. जनावरं बाहेर, पोरंबाळं बाहेर, अवजारं बाजूला. वर काम चालू असताना खाली कोणी उभं राहायचं नाही, पत्रा धरायला आलेला शेजारीसुद्धा.

काम कसं करायचं

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे वर न जाणं. फुटका पत्रा बदलायचा असेल तर शेडच्या आतून पायाड लावून, अँगलजवळ उभं राहून खालूनच हूक सोडवता येतो. पायाड म्हणजे दोन पिंपांवर टाकलेली फळी नव्हे. चारी बाजूंनी बांधलेला, न हलणारा सांगाडा, वर किमान तीन फळ्या एकमेकींना आवळून. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पायाड उभा करत असाल तर चाकाखाली दगड आणि ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली हवी. सुटी ट्रॉली एका बाजूला वजन गेलं की कलंडते.

वर जायचंच असेल तर फळी. दीड-दोन फूट रुंद आणि किमान तीन अँगलवर टेकेल एवढी लांब, म्हणजे साधारण दहा-बारा फूट. एक नाही, दोन लागतात : एकीवर उभं राहायचं आणि दुसरी पुढे सरकवायची. उतार असेल तर फळी घसरू नये म्हणून वरच्या टोकाला दोर लावून आढ्याकडच्या लोखंडाला बांधायची. फळीला अध्येमध्ये आडव्या पट्ट्या मारल्या की पाय टिकतो. सेंट्रिंगच्या फळ्या गावात कोणाकडेही मिळतात, भाडंही फार नसतं. एवढ्या एका गोष्टीने पत्रा फुटून होणारे बहुतेक अपघात टळतात, आणि नेमकी हीच गोष्ट कामावर दिसत नाही. कारण विचारलं तर टोळीवाला म्हणतो, फळी सरकवण्यात वेळ जातो, उक्तं परवडत नाही. मालक म्हणतो, ते टोळीवाल्यानं बघायचं.

मग वर कोणाला पाठवतात? टोळीतल्या सगळ्यात हलक्या पोराला. 'वजन नाही त्याला, पत्रा पेलेल.' हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण फुटायला आलेला पत्रा ४५ किलोलाही फुटतो आणि नवख्या पोराला अँगलची रांग ओळखता येत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला अशा धोक्याच्या कामावर ठेवणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि अपघात झाला तर मालक-कंत्राटदार दोघांच्याही गळ्याशी येतो.

शिडीबद्दल थोडक्यात. बारा फूट उंचीला शिडीचा पाय भिंतीपासून तीन फूट लांब ठेवायचा, म्हणजे चारास एक. शिडीचं टोक कडेच्या वर किमान तीन फूट यायला हवं, कारण उतरताना धरायला काही नसलं की माणूस तिथेच चुकतो. वरचं टोक बांधायचं. पाय शेणाच्या किंवा फरशीच्या ओल्या जागेवर टेकवायचा नाही.

पट्टा लावला म्हणजे झालं, असं नाही

कमरेला कासरा बांधून वर जाणारे आजही आहेत. पडल्यावर सगळा झटका कमरेवर आणि पोटावर येतो. आतडी, बरगड्या, मणका, काहीही जाऊ शकतं. कमरेचा पट्टाही तसाच. पाहिजे तो खांदे, छाती आणि मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस. त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस ३५२१ हा क्रमांक बघून घ्यावा. हजार-दोन हजारांत साधा हार्नेस मिळतो.

आता खरी अडचण. हार्नेसचा दोर साधारण सहा फुटांचा असतो. तो पायाजवळच्या लोखंडाला अडकवला आणि माणूस पडला, तर दोर ताणेपर्यंत त्याचे पाय छपरापासून दहा-साडेदहा फूट खाली गेलेले असतात, वर दोराची ताण वेगळी. आपला गोठा बारा फुटांचा. म्हणजे पट्टा लावूनही माणूस जवळपास जमिनीवर आलाच. उंच इमारतीला चालणारी पद्धत बुटक्या शेडला चालत नाही ती यामुळे. शेडवर दोर इतका आखूड ठेवायचा की माणूस कडेपर्यंत पोचूच नये आणि पत्रा फुटला तरी कमरेपर्यंतच खाली जावा. दोर अडकवायचा तो कैचीला किंवा खांबाला. पत्र्याच्या हुकाला, पन्हळीला किंवा पाण्याच्या पाईपला कधीच नाही.

माणूस पट्ट्यावर लटकलेला राहिला तर त्याला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं. मांड्यांचे पट्टे आवळून पायात रक्त अडकतं आणि शुद्ध जाते. म्हणून एकट्याने काम करायचं नाही, आणि दुसरी शिडी जवळच हवी. एकदा झटका बसलेला पट्टा आणि दोर परत वापरायचा नाही, दिसायला चांगला असला तरी.

बांधकाम कामगार मंडळाने नोंदीत कामगारांना जे सुरक्षा संच वाटले त्यांत हेल्मेट, बूट आणि हार्नेस होता. कितीतरी घरांत तो खुंटीवर किंवा पेटीत पडून आहे. काढा आणि वापरा. वापरलेला नसेल तर शिलाई उसवली आहे का, उंदराने कुरतडलाय का, ते आधी बघा.

तारा

शेडवरून ११ केव्हीची तार गेली असेल तर पत्र्याचं काम सुरू करण्याआधी वायरमनला सांगून लाईन बंद करून घ्यायची. वीस फुटी पाईप उभा करताना तारेला लागायचीसुद्धा गरज नाही, फार जवळ गेला तरी वीज उडी मारते. ओल्या लाकडी किंवा बांबूच्या शिडीवरही भरवसा ठेवू नये. वीज तक्रारीचा क्रमांक १९१२ आहे. हल्ली छपरावर सोलर पॅनेल बसवायची कामं वाढलीत, तिथे एक ध्यानात ठेवायचं : मेन स्विच बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारेत करंट असतो. असा झटका जीव घेईलच असं नाही, पण उतारावर दचकलेला माणूस खाली जातो.

पडला तर

हा भाग घरातल्या बायकांनी आणि शाळेतल्या पोरांनीही वाचावा. अपघात झाला तेव्हा जवळ तेच असतात.

पडलेल्याला उचलून बसवू नका. एकाने हात, एकाने पाय धरून उचलणं आणि मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तालुक्याला नेणं, आपल्याकडे हे सगळ्यात जास्त होतं आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. उंचावरून पायावर पडलं की टाचेचं हाड मोडतं आणि तोच दणका वर कमरेच्या मणक्याला बसतो. मणका मोडला असेल पण आतली नस शाबूत असेल, तर माणूस पुढे चालू शकतो. मध्ये बसवून खड्ड्यांतून नेताना ती नस तुटली, की तो कमरेखाली कायमचा लुळा. म्हणून टाच दुखते म्हणणाऱ्याची कंबरही मोडली असेल असंच धरून चला.

१०८ ला फोन करा, गाव, वाडी आणि जवळची खूण सांगा, एक माणूस रस्त्यावर उभा करा. तोवर डोकं आणि मान दोन्ही हातांनी सरळ रेषेत धरून ठेवा. श्वास चालू आहे का बघा. रक्त येत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. पाणी, चहा काही पाजू नका, ऑपरेशन लागू शकतं. पायाला हात लावून कळतंय का, बोटं हलतात का विचारा, आणि काय उत्तर आलं ते वेळेसकट डॉक्टरांना सांगा.

गाडी येणारच नसेल आणि न्यावंच लागलं, तर दार काढा. हसण्यासारखं नाही, घरातलं फळीचं दार हे गावातलं सगळ्यात चांगलं स्ट्रेचर आहे. तिघाचौघांनी मिळून, डोकं, पाठ, कंबर, पाय एकाच वेळी ओंडक्यासारखं एका कुशीवर वळवायचं, खाली दार सरकवायचं, परत सरळ करायचं. कापडाने छाती, कंबर, पाय बांधायचे आणि पिकअपमध्ये आडवं ठेवून सावकाश न्यायचं.

डोक्यावर पडलेल्याचं आणखी एक. तो उठतो, कपडे झटकतो, 'काही झालं नाही' म्हणतो, घरी जाऊन जेवतोही. कवटीच्या आत रक्त साचत असेल तर काही तासांनी डोकेदुखी, उलटी, झोपाळूपणा सुरू होतो आणि मग शुद्ध जाते. वेळेत सीटी स्कॅन आणि ऑपरेशन झालं तर असा माणूस वाचतो. 'झोपलाय, झोपू दे' म्हटलं तर सकाळी उठत नाही. क्षणभर शुद्ध गेली असेल, उलटी झाली असेल, कानानाकातून पाणी किंवा रक्त आलं असेल, तर हाडवैद्याकडे न जाता थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतलं रुग्णालय असेल तर आधार आणि रेशनकार्ड पहिल्याच दिवशी दाखवा.

दवाखान्यात काय सांगता त्यावर पुढचं सगळं

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, कसा पडला? सोबत आलेला टोळीवाला हळूच सांगतो, 'घरी जिन्यावरून घसरला म्हणा, पोलिसांचं लफडं नको, खर्चाचं मी बघतो.' तो बहुतेक वेळा गावातलाच, भावकीतला असतो. घरचे घाबरलेले असतात, ते तसंच सांगतात. पहिले दोन-तीन दिवस टोळीवाला खर्च करतोही. पुढे बिल लाखाच्या वर गेलं की फोन बंद. तोवर कागदावर 'घरी घसरून पडला' असं लिहिलं गेलेलं असतं आणि तो कागद खोडायला वर्षं जातात.

म्हणून खरं तेच सांगा : कुठल्या गावात, कोणाच्या शेडवर, कोणाच्या कामावर, किती वाजता, किती फुटांवरून. अपघाताची नोंद 'एमएलसी' म्हणून करायला सांगा. पोलिसांत खबर द्या, पंचनामा होऊ द्या. फुटलेल्या पत्र्याचे, शिडीचे, खालच्या जागेचे फोटो मोबाईलवर त्याच दिवशी काढा. दुसऱ्या दिवशी तिथे नवा पत्रा बसलेला असतो. आणि मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन नाकारू नका. दुःखात नको वाटतं, समजतं. पण त्या कागदाशिवाय पुढचे जवळजवळ सगळे अर्ज अडकतात.

भरपाईचा कायदा १९२३ पासून आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि तो सामाजिक सुरक्षा संहितेत आला. हिशोबाची रीत तीच आहे. कामावर मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीच्या ५० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर ६० टक्के गुणिले तोच आकडा. या हिशोबाला मजुरी महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत धरत आले आहेत. म्हणजे ३५ वर्षांच्या माणसासाठी ७,५०० गुणिले १९७.०६, बरोबर १४ लाख ७७ हजार ९५० रुपये. चाळिशीच्या माणसासाठी १३ लाख ८१ हजार २७५. आणि गावात बैठक बसते तेव्हा पन्नास हजार, फार तर एक लाखावर मिटवलं जातं, विधवेचा अंगठा घेऊन.

ही मिटवामिटवी देणाऱ्यालाही महागात पडू शकते. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. परस्पर हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. 'त्याने पट्टा लावला नव्हता, चूक त्याचीच' हा बचावही मृत्यू किंवा पूर्ण कायमच्या अपंगत्वाच्या बाबतीत चालत नाही. दावा अपघातापासून दोन वर्षांत करायचा. अर्ज कुठे करायचा ते साताऱ्याच्या कामगार कार्यालयात कळतं. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जावं, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंगांना तिथे उत्पन्नाची अट नाही. फोन १५१००.

वाद नेहमी एकाच गोष्टीवर होतो : हा माणूस कोणाच्या कामावर होता? टोळीवाला म्हणतो मालकाने बोलावला, मालक म्हणतो मी उक्तं दिलं होतं. काम ठरवताना एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुरतो : काम कुठलं, रक्कम किती, माणसं कोण कोण, फळी-पायाड कोण आणणार. शेतकऱ्याने उक्तं देताना एवढं लिहून घ्यावं आणि टोळीवाल्याकडे मजुरांचा विमा आहे का विचारावं. विमा कंपन्या अशी पॉलिसी देतात, आणि चार-पाच माणसांची टोळीही ती काढू शकते.

कोणत्या योजनेत किती

बांधकाम कामगार मंडळात नोंद असेल तर कामावर अपघाती मृत्यूला वारसाला ५ लाख, ७५ टक्के किंवा जास्त कायमच्या अपंगत्वाला २ लाख रुपये मिळतात. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदार किंवा ग्रामसेवक देतो. वेल्डर, सुतार, गवंडी, बिगारी सगळे बसतात. नूतनीकरण चुकवू नका, नोंद जिवंत नसेल तर कार्ड हातात असून उपयोग नाही.

स्वतःच्या गोठ्यावरून पडलेल्या शेतकऱ्याला मालक-मजूर कायदा लागत नाही. त्याच्यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. उंचावरून पडणं त्यात बसतं. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी किंवा त्याच्या घरातला नाव नसलेला एक जण, वय १० ते ७५. मृत्यू किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक अवयव किंवा डोळा गेला तर १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत. तेराव्यापर्यंत कोणी कागद हातात घेत नाही, त्यातच अर्धी मुदत जाते. जवळच्या एखाद्या नातेवाइकाने तेवढं अंगावर घ्यावं आणि अर्जाची पोच घ्यावी. दारूच्या नशेत झालेला अपघात यात बसत नाही, आणि ते शवविच्छेदनात दिसतं.

तिसरी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, मृत्यूला २ लाख. पैसे बँक खात्यातून मे अखेरीच्या सुमारास आपोआप कापले जातात. त्या दिवशी खात्यात २० रुपये नसतील तर विमा बंद पडतो आणि कोणी सांगायला येत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून २० रुपयांची नोंद आली का ते बघून घ्या.